नोंदणी महानिरीक्षकांना खुले पत्र : जे आम्हाला ठाऊक असल्याचे कायदा मानतो, ते आम्हाला पाहता येऊ द्या

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : घर किंवा जमीन घेण्यापूर्वी, तसेच भाड्याने घेण्यापूर्वी, त्या मिळकतीची शासनाकडे असलेली माहिती सामान्य माणसाला एका ठिकाणी मिळण्याबाबत.

महोदय,

गेली बावीस वर्षे मी पुणे जिल्ह्यात मिळकतींचे शोध अहवाल लिहिण्याचे काम करते. कोणी सदनिका किंवा जमीन घ्यायला निघाला की त्या मिळकतीची मागच्या तीस वर्षांतली खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे, वारसनोंदी आणि दावे धुंडाळायचे आणि शेवटी ‘हरकत नाही’ किंवा ‘थांबा’ असे लेखी द्यायचे, हा माझा रोजचा व्यवसाय आहे. आपल्या खात्याच्या दफ्तरांवरच माझा चरितार्थ चालतो, त्यामुळे हे पत्र मी खात्याविषयीच्या रागातून लिहीत नाही. मात्र माझ्या टेबलासमोर बसणारी बहुतेक माणसे पैसे देऊन झाल्यावर येतात. ती इतकी उशिरा का येतात याचा विचार करताना मला आपल्याला लिहिणे भाग वाटले.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्त नोंदवताना काय घडते ते आपल्याला माहीतच आहे, तरी ते घेणाऱ्याच्या बाजूने एकदा पाहावे अशी विनंती आहे. टोकन क्रमांक पुकारला जातो. लिहून देणार कोण आणि लिहून घेणार कोण हे विचारले जाते. दस्त करून दिल्याचे कबूल आहे ना, मोबदला मिळाला ना, हे विचारले जाते. अंगठा यंत्रावर टेकवायचा, कॅमेऱ्याकडे पाहायचे, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की काम संपले. गेल्या वर्षी एस. टी.तून निवृत्त झालेले एक वाहक अशीच नोंदणी उरकून बाहेर आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दस्ताची प्रत काढून मला दाखवत म्हणाले, “मॅडम, आता सरकारचा शिक्का बसला. आता कसली काळजी?” ज्या सोसायटीत त्यांनी सदनिका घेतली होती, त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नव्हते आणि जमिनीचे अभिहस्तांतरणही, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर होणेही, झालेले नव्हते. शिक्क्याचा अर्थ त्यांना कोणीच सांगितला नव्हता. दस्त अमुक दिवशी अमुक माणसांनी आपल्यासमोर कबूल केला, एवढेच तो शिक्का सांगतो. देणारा खरा मालक आहे की नाही याविषयी तो काहीही सांगत नाही. कायद्याच्या अभ्यासकाला ही प्राथमिक गोष्ट वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ माणसांना मी ती सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो.

सत्तर लाखांची सदनिका पुणे शहरात पुरुषाच्या नावे घेतली तर सात टक्क्यांप्रमाणे चार लाख नव्वद हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि तीस हजार रुपये नोंदणी फी, असे पाच लाख वीस हजार रुपये शासनाच्या तिजोरीत जमा होतात. एवढी रक्कम घेणाऱ्या खिडकीने आपली काही पडताळणी केली असेल, असे कुणाही साध्या माणसाला वाटणारच. तो समज चुकीचा आहे हे त्याला सांगण्याचे कर्तव्य त्या खिडकीचेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर नेहमी मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते बरोबरही आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दुय्यम निबंधकाला मालकी हक्काची चौकशी करण्याचा अधिकार नाही. तमिळनाडूने नियम करून मूळ मालकीपत्र दाखवल्याशिवाय दस्त नोंदवू नये असे ठरवले होते, तो नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द ठरवला. मालकीची शहानिशा करणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही, असे त्या निकालात स्पष्ट आहे. त्यामुळे आपण कोणाचा दस्त अडवावा अशी माझी मागणी मुळीच नाही. दस्त नाकारणे वेगळे आणि माहिती दाखवणे वेगळे. माझे सगळे म्हणणे दुसऱ्या गोष्टीपुरते आहे.

त्या म्हणण्याला कायद्याचाच आधार आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ नुसार, जो दस्त नोंदवणे सक्तीचे आहे तो एकदा नोंदवला गेला की त्यानंतर ती मिळकत घेणाऱ्या प्रत्येकाला त्या दस्ताची माहिती होती असे धरले जाते. म्हणजे कल्याणमधल्या एखाद्या परिचारिकेने आपल्या खात्याची दफ्तरे उघडून पाहिली असोत वा नसोत, न्यायालय तिला म्हणणार की हे तुम्हाला माहीत होते. हे गृहीतक योग्यच आहे. त्याशिवाय नोंदणीला काही अर्थ उरणार नाही. पण त्याच कलमात एक अट आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. दस्ताचा तपशील नोंदणी अधिनियमाच्या कलम ५५ खालच्या सूचींमध्ये बरोबर नोंदलेला असला पाहिजे, तरच हे गृहीतक लागू होते. कायदा करणाऱ्यांना पूर्ण जाणीव होती की नागरिकाला ‘तुला माहीत होते’ असे म्हणायचे असेल तर ती माहिती त्याला शोधता येईल अशा जागी ठेवली पाहिजे. आज ती तशी ठेवलेली नाही.

याचे उदाहरण माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे आणि ते लिहिताना मला आजही वाईट वाटते. सहा वर्षांपूर्वी एका जमिनीचा शोध मी घेतला. सर्व्हे नंबर पंचेचाळीस, हिस्सा नंबर दोन, पोटहिस्सा एक. मी ‘४५/२/१’ असा शोध घेतला, ‘४५/२’ घेतला, नुसता ‘४५’ही घेतला, मालकांच्या नावांनी घेतला, आणि अहवाल दिला की मिळकत निर्वेध दिसते. अशिलाने चार लाख रुपये विसार दिला. त्यानंतर नेहमीच्या प्रथेप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, तेव्हा चौदाव्या दिवशी एका गृहस्थाच्या वकिलांची हरकत आली. चार भावांपैकी एकाने पूर्वीच त्या गृहस्थाला नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करून दिलेले होते. मी पुन्हा जाऊन पाहिले. ते साठेखत आपल्या दफ्तरात होते, पण सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या मिळकतवार यादीत, मिळकतीचे वर्णन भरणाऱ्याने आकडे न लिहिता ‘पंचेचाळीस हिस्सा दोन पैकी’ असे अक्षरी टाइप केले होते आणि भावाचे आडनाव एका वेलांटीच्या फरकाने लिहिले होते. आकड्यांच्या शोधात ते कधीच सापडले नसते. जाहीर नोटीस त्या गृहस्थाच्या पुतण्याने वाचली म्हणून व्यवहार थांबला. विसाराचे दोन लाख परत मिळाले, उरलेले दोन लाख अद्याप मिळालेले नाहीत.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. एकच सर्व्हे नंबर सूचीत किती वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेला सापडतो, ते मी त्यात उतरवून घेते. ‘स.नं.’, ‘सर्वे नं.’, ‘गट’, ‘ग.नं.’, मध्ये तिरकी रेघ, कधी आडवी रेघ, कधी ‘पै.’, कधी ‘पैकी’, सदनिकेला कुठे ‘फ्लॅट ३’ तर कुठे ‘सदनिका क्र. तीन’, इमारतीचे नाव कधी मराठी वळणाने तर कधी इंग्रजी उच्चाराने. सूची घरबसल्या आणि विनामूल्य पाहता येते, ही आपल्या खात्याने केलेली फार मोठी सोय आहे. पूर्वी त्यासाठी कार्यालयात उभे राहून जाडजूड पुस्तके उलटावी लागत आणि मी ती उलटली आहेत. पण वर्णन भरण्याची एकच सक्तीची रीत नसेल, तर संगणक आल्याने फक्त पुस्तकाची जागा बदलली; शोध सोपा झाला असे म्हणता येत नाही. सातबाऱ्यावरचा भूमापन क्रमांक किंवा मालमत्ता पत्रकावरचा नगर भूमापन क्रमांक जसाच्या तसा महसूल आणि भूमी अभिलेख विभागाच्या नोंदीतून उचलला गेल्याशिवाय दस्ताची माहिती पुढे सरकूच नये, अशी व्यवस्था करणे आपल्या अधिकारात आहे.

दुसरी अडचण अशी की सावधपणे चालणाऱ्या माणसालाही किती दारे ठोठवावी लागतात. सातबारा आणि आठ-अ भूलेख या शासकीय संकेतस्थळावर पाहायचे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो आणि त्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना वाचायचा, कारण कूळ, बँकेचा बोजा, हस्तांतरणावरचे निर्बंध तिथेच असतात. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी झाली का ते पाहायचे. मंजूर न झालेला फेरफार ‘आपली चावडी’वर शोधायचा. बँकेने कागद ठेवून कर्ज दिले आहे का ते ‘सर्साई’च्या केंद्रीय नोंदवहीत दहा रुपये आणि कर भरून पाहायचे. प्रकल्प नवा असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जायचे, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी महापालिकेत जायचे, दावा चालू आहे का ते ई-कोर्टवर पाहायचे. पण तिथे पक्षकाराच्या नावाने शोधावे लागते, सर्व्हे नंबरने नाही, आणि विकणाऱ्याच्या चुलत बहिणीने दावा लावला असेल तर तिचे नाव घेणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्यानंतर तहसीलदार आणि प्रांतांपुढची प्रकरणे आणखी निराळ्या ठिकाणी. यातली जवळपास प्रत्येक नोंद शासनाच्याच कुठल्या ना कुठल्या कार्यालयात तयार झालेली असते. पैसे फार लागत नाहीत. लागतात ते दिवस आणि जाणकारी. आणि दलाल मात्र सांगत असतो की आज टोकनची आगाऊ रक्कम दिली नाही तर उद्या दुसरे गिऱ्हाईक घेऊन जाईल. या दोहोंच्या मध्ये सापडलेला माणूस आधी टोकन देतो आणि मग कागद मागतो. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे विकासकाला नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जुन्या सदनिकेच्या खरेदीत मात्र तेवढेही संरक्षण नाही.

आणि सगळी दारे ठोठावूनही माणूस फसतो, हे कल्याण-डोंबिवलीने दाखवून दिले. तिथल्या पासष्ट इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवली गेली. घेणाऱ्यांनी प्रकल्पाचा क्रमांक संकेतस्थळावर तपासला असता तो तिथे होताच. करारनामे नोंदवले गेले, मुद्रांक शुल्क भरले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबांना कळले की आपण ज्या कागदावर विश्वास ठेवला तोच खोटा होता. या माणसांना ‘तुम्ही चौकशी करायला हवी होती’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? महापालिकेला ठाऊक होते की अशी परवानगी आपण दिलेली नाही. ते तिने महारेराला वेळेत कळवले असते, किंवा महारेराने तिला विचारले असते, तर त्या इमारतींतली एकही सदनिका विकली गेली नसती. परवानगी देणाऱ्या महापालिकेसारख्या नियोजन प्राधिकरणाकडून तिची थेट खातरजमा झाल्यावरच नोंदणी द्यायची, ही पद्धत महारेराने २०२३ पासून आणली, ते योग्यच झाले. पण दोन कार्यालयांनी एकमेकांना विचारणे आणि घेणाऱ्याला ते उत्तर दिसणे यांत अजून अंतर आहे.

भाडेकरूंची स्थिती तर याहून नाजूक आहे, कारण तीन वर्षांच्या मुक्कामासाठी शोध अहवाल काढावा असे कुणाच्या मनातही येत नाही. मुंबई-पुण्यात ‘हेवी डिपॉझिट’ची रीत आहे : दरमहा भाडे नाही किंवा नाममात्र, त्याऐवजी एकरकमी पाच-सात लाख अनामत. माझ्याकडे आलेल्या एका परिचारिकेने आईचे दागिने मोडून सहा लाख अनामत दिली होती. लिव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर ऑनलाइन नोंदवला होता, दोघांची ओळख आधारवरून आणि अंगठ्यावरून पटवली होती. चौथ्या महिन्यात दारावर बँकेच्या जप्तीची नोटीस चिकटली. घरमालकाने दोन वर्षांपासून हप्ते भरलेले नव्हते. आपल्या राज्यात २०१३ पासून, मालकीचे कागद ठेवून कर्ज घेतले की तीस दिवसांत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, आणि या घराची ती दाखल झालेलीही होती. म्हणजे घरावर कर्ज आहे हे आपल्या खात्याला ठाऊक होते आणि त्याच खात्याने त्याच घराचा भाडेकरार नोंदवून घेतला. दोन्ही नोंदी एकाच खात्याच्या दफ्तरात असूनही त्या बाईंना एका शब्दाने कळले नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असावा ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. हे कलम भाडेकरूच्या भल्यासाठी आहे. पण अनामत देण्याआधी घरावर कर्ज आहे एवढेच जरी तिला दिसले असते, तरी तिने ती रक्कम दिली नसती, असे ती मला तीनदा म्हणाली.

कर्ज असलेले घर भाड्याने देणे हा गुन्हा नाही आणि कर्ज असलेले घर विकणेही नाही. रोज कितीतरी चांगली माणसे तसे व्यवहार करतात. म्हणून ही माहिती आरोपासारखी दिसू नये, नोंदीसारखी दिसावी.

मला अपेक्षित आहे ते असे. मुद्रांक शुल्क भरण्याच्या पानावर, रक्कम भरण्याच्या आधी, मिळकतीचा क्रमांक टाकताच शासनाला त्या मिळकतीविषयी जे ठाऊक आहे ते एका पानावर मराठीत दिसावे : शेवटचे नोंदवलेले दस्त, कर्जाची नोटीस, प्रलंबित फेरफार, इतर हक्कांतल्या नोंदी, नोंदवलेली दाव्याची नोटीस असल्यास ती, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, महापालिकेच्या अनधिकृत बांधकामांच्या यादीत ती आहे की नाही. ज्या कार्यालयाची माहिती जोडलेली नसेल तिथे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे ठळक लिहिलेले असावे, कारण रिकामी जागा पाहून माणूस ‘काही नाही’ असा अर्थ घेतो. लिव्ह अँड लायसन्सच्या पानावरही हेच असावे. आणि त्या पानाच्या माथ्यावर, बारीक अक्षरांत नव्हे, ‘या दस्ताची नोंदणी म्हणजे मालकी हक्काची हमी नाही’ हे वाक्य असावे आणि घेणाऱ्याने ते वाचल्याची सही स्वतंत्र द्यावी. या शेवटच्या गोष्टीला कोणत्याही खात्याशी संगणक जोडण्याची गरज नाही. ती पुढच्या आठवड्यापासून करता येईल.

असे पान आले तर माझ्यासारख्यांचे काम कमी होईल का, असे मला काही सहकाऱ्यांनी विचारले. थोडे होईल. मालकीची साखळी तपासणे, कुलमुखत्यारपत्र देणारा हयात आहे का ते पाहणे, जागेवर जाऊन ताबा कोणाकडे आहे हे शेजाऱ्यांना विचारणे, मोजणीच्या नकाशाशी कुंपण ताडून पाहणे, ही कामे कोणतेही पान करू शकणार नाही आणि ती करून घेतल्याशिवाय कोणी खरेदी करू नये, हेच मी सांगत राहीन. पण निदान टोकन देण्याआधी माणूस थांबेल.

एकदम सगळ्या राज्यात हे शक्य नसेल तर हवेली तालुक्यातल्या एखाद्या दुय्यम निबंधक कार्यालयापासून सुरुवात करावी. मिळकतीचे वर्णन एकसारखे लिहिण्याचा नियम ठरवताना उपयोग व्हावा म्हणून, एकच सर्व्हे नंबर निरनिराळ्या रीतींनी लिहिल्याच्या माझ्या वहीतल्या नोंदी, दस्तक्रमांकांसह, मी आपल्या कार्यालयाला विनामूल्य द्यायला तयार आहे. आपण सांगाल त्या दिवशी वही घेऊन येईन.

आपली विश्वासू,
शोध अहवाल लिहिणारी एक वकील, पुणे